दहा दिवसांच्या बिलाची बेरीज पुन्हा पुन्हा चुकते: फोल्डरमधल्या टेक्स्ट फायली वाचणारी स्क्रिप्ट कुठे अडखळते

तक्रार ओळखीची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांमध्ये सकाळच्या आणि संध्याकाळच्या संकलनाची वेगवेगळी टेक्स्ट फाईल निघते. एकच माणूस चार-पाच संस्थांचा हिशेब बघत असेल, तर दहा दिवसांनी त्याच्या संगणकावर शंभरेक फायली साठतात. संस्थावार फोल्डर करायचे, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली पंचवीस-तीस ओळींची स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाईल) चालवायची, सभासदवार लिटर आणि रक्कम काढायची, एवढं साधं काम. पण एका बिलाला आकडा रजिस्टरशी तंतोतंत जुळतो आणि पुढच्या बिलाला जुळत नाही. स्क्रिप्ट पुन्हा चालवली की तिसराच आकडा येतो. बिल वाटायचा दिवस तोंडावर असतो, म्हणून फरक हाताने दुरुस्त होतो आणि मूळ दुखणं पुढच्या दहा दिवसांसाठी शिल्लक राहतं.

अशा वेळी सगळे बेरजेची ओळ तपासत बसतात. ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते. चूक तिच्या आधी झालेली असते: स्क्रिप्टने कोणत्या फायली उचलल्या आणि त्यातली अक्षरं कशी वाचली, या दोन जागी. म्हणून खालची तपासणी त्याच क्रमाने करावी.

खाली गृहीत धरलेली फाईल अशी आहे: पहिल्या ओळीत गाव आणि तालुका, मग दर ओळीला सात रकाने, स्वल्पविरामाने वेगळे केलेले: सभासद क्रमांक, प्रकार (म म्हणजे म्हैस किंवा ग म्हणजे गाय), लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम. तुमच्या यंत्राची मांडणी वेगळी असेल तर रकान्यांची संख्या बदलेल, बाकी सगळं लागू पडेल.

सगळ्यात आधी चूक गिळणारी ओळ काढा

स्क्रिप्टमध्ये ‘ट्राय’ आणि त्याखाली ‘एक्सेप्ट’, ‘पास’ अशी जोडी आहे का बघा. एखादी फाईल वाचताना अडचण आली तर तिला गुपचूप वगळून पुढे जा, असा तिचा अर्थ होतो. कधीतरी लाल अक्षरांचा संदेश नको म्हणून कोणीतरी ती घातलेली असते, आणि त्या दिवसापासून स्क्रिप्ट ‘नीट चालते’. प्रत्यक्षात वीसपैकी सतराच फायली वाचल्या जातात आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. पैशाच्या हिशेबात अशी ओळ असूच नये. अडचण आली तर फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांक छापून स्क्रिप्टने तिथेच थांबावं. थांबलेली स्क्रिप्ट अर्धा तास खाते. गप्प राहिलेली स्क्रिप्ट एखाद्या सभासदाचे तीन दिवसांचे पैसे खाते.

ही जोडी काढल्यावर स्क्रिप्ट एकदा चालवा. बऱ्याच लोकांना खरं कारण इथेच सापडतं.

फायली मोजा

बेरीज करण्याआधी स्क्रिप्टने स्वतः सांगितलं पाहिजे: किती फायली मिळाल्या, किती अपेक्षित होत्या. अपेक्षित आकडा ‘वीस’ असा लिहून टाकू नका. १ ते १० आणि ११ ते २० या बिलांना दहा दिवस गुणिले दोन वेळा, म्हणजे वीस फायली बरोबर आहेत. पण २१ ते महिनाअखेरच्या बिलाला ३१ दिवसांच्या महिन्यात अकरा दिवस येतात आणि फायली बावीस होतात. फेब्रुवारीत आठच दिवस, म्हणजे सोळा. लीप वर्षात अठरा. ‘दर महिन्याचं तिसरंच बिल चुकतं’ ही तक्रार असेल तर स्क्रिप्टमध्ये कुठेतरी दहा किंवा वीस हा आकडा ठोकलेला आहे, एवढं नक्की समजा. तारखेवरून दिवस काढायचं काम पायथनच्या ‘कॅलेंडर’ मॉड्यूलकडे द्यावं. ‘मंथरेंज’ हे फंक्शन त्या महिन्यात किती दिवस आहेत ते सांगतं.

फाईल नसणं ही दर वेळी चूकच असते असं नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात रस्ते पाण्याखाली गेले होते आणि ठिकठिकाणचं संकलन थांबलं होतं. अशा दिवसांची फाईल नसते आणि ती नसणंच बरोबर असतं. यासाठी ‘संकलन नाही’ नावाची एक छोटी वेगळी यादी ठेवावी: तारीख, वेळ आणि कारण. स्क्रिप्टने अपेक्षित संख्येतून ती वजा करावी. यादीत नसलेली फाईल गायब असेल तर मात्र पुढे जाऊ नये.

संख्या जुळते पण आकार शून्य, असंही होतं. पेनड्राइव्ह घाईत उपसला की फाईलचं नाव येतं, मजकूर येत नाही. संध्याकाळी ऐन संकलनात लाईट गेली आणि यूपीएस दमलेला असेल, तर फाईल मध्येच तुटते आणि शेवटच्या ओळीत तीनच रकाने उरतात. म्हणून फाईलबरोबर ओळीही मोजा आणि प्रत्येक फाईलच्या ओळींचा आकडा छापा. सकाळी १८० ओळी येणाऱ्या संस्थेत एखाद्या सकाळी ६४ दिसल्या तर डोळ्याला लगेच खटकतं. त्यासाठी कोणतंही हुशार तंत्र लागत नाही.

बेरीज दुप्पट येते किंवा थोडी जास्त येते

नेमकी दुप्पट आली तर स्क्रिप्ट स्वतःचंच उत्तर वाचते आहे. निकालाची फाईल त्याच फोल्डरमध्ये, त्याच टीएक्सटी शेपटीने लिहिली की पुढच्या वेळी ‘*.टीएक्सटी’ मध्ये तीही येते. निकाल ‘अपेंड’ पद्धतीने लिहिला जात असेल तर जुन्याखाली नवा जोडला जातो आणि दर वेळी आकडा फुगत जातो. उपाय एकच: मूळ फायलींचा फोल्डर वेगळा, निकालाचा वेगळा. मूळ फोल्डरमध्ये स्क्रिप्टने एक अक्षरही लिहू नये. निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहून, सगळं पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यावं, म्हणजे अर्धवट निकाल कोणाच्या हाती पडत नाही.

थोडीच जास्त आली तर फाईलची नक्कल शोधा. तीच फाईल व्हॉट्सॲपवरून दोनदा उतरवली की नावापुढे कंसात १ लागतो. फोल्डरमध्ये चिकटवताना ‘कॉपी’ शब्द लागतो. नावावरून नकला पकडायला जाऊ नका, कारण कधी कधी सकाळची फाईल संध्याकाळच्या नावानेही साठवलेली असते. मजकुरावरून पकडा. पायथनच्या ‘हॅशलिब’मधून प्रत्येक फाईलचा ‘शा-२५६’ ठसा काढा. दोन ठसे सारखे निघाले तर मजकूर अक्षरशः तोच आहे. मग दोन्ही नावं छापून थांबा आणि कोणती ठेवायची ते माणसाने ठरवावं.

इथे एक मोठी चूक होते, ती टाळा. नक्कल काढायच्या नादात सारख्या ओळी काढू नका. एकाच सभासदाच्या एकाच वेळच्या दोन ओळी खऱ्या असू शकतात: एक म्हशीची, एक गाईची, किंवा घरातली दोन माणसं वेगवेगळी किटली घेऊन आलेली. फॅट आणि लिटर योगायोगाने सारखे आले तर दोन्ही ओळी हुबेहूब दिसतील आणि तरीही दोन्हीचे पैसे द्यायचे असतात. नकला फायलींच्या पातळीवर काढायच्या, ओळींच्या नाही.

विंडोजच्या काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) बॅच फाईलने काम करत असाल तर आणखी एक गोष्ट. तीन अक्षरी शेपटीचा ‘*.टीएक्सटी’ हा नमुना काही ड्राइव्हवर त्याहून लांब शेपटीच्या फायलीही उचलतो, उदाहरणार्थ शेवटी अंक किंवा नागमोडी चिन्ह लागलेल्या जुन्या प्रती. जुन्या आठ-तीन आखूड नावांच्या पद्धतीमुळे (नाव आठ अक्षरांचं, शेपटी तीन अक्षरांची) हे घडतं. उलट लिनक्सवर कॅपिटल अक्षरातली शेपटी लहान अक्षरांच्या नमुन्यात बसत नाही, आणि संकलनाची काही यंत्रं कॅपिटलमध्येच नावं देतात. त्यामुळे शेपटी आधी लहान अक्षरांत आणून मग तुलना करावी.

करवीरची फाईल चालते, पन्हाळ्याची अडकते

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो, म्हणून सावकाश.

संगणक अक्षरं बाइट नावाच्या आकड्यांत साठवतो. कोणत्या अक्षराला कोणते बाइट, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग, आणि यूटीएफ-८ हे त्यातलं आज सर्रास वापरलं जाणारं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘क’ म्हणजे ई०, ए४, ९५ (इथे आणि पुढे बाइट सोळा-आधारी आकड्यांत लिहिले आहेत). काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं तीन-तीन बाइटांचं. पायथन ३.१५ च्या आधीच्या आवृत्तीत फाईल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर तो साधारणपणे १२५२ हा जुना पश्चिम युरोपी तक्ता वापरतो. या तक्त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, आणि त्यातल्या पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. यांपैकी एखादा बाइट आला की ‘यूनिकोडडिकोडएरर’ येतो, संदेशात ‘चारमॅप’ हा शब्द दिसतो आणि काम थांबतं.

आता गंमत बघा. जोडाक्षरासाठी पाय मोडणारं चिन्ह ई०, ए५, ८डी असं आहे. ऱ्हस्व उकार ई०, ए५, ८१. म्हणजे जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार असलेला शब्द आला की स्क्रिप्ट अडकणार, आणि हे दोन्ही नसले की बहुतेक शब्द बिनबोभाट पुढे जाणार, फक्त आत कचरा होऊन.

जिल्ह्याच्या बारा तालुक्यांची नावं एका यूटीएफ-८ फाईलीत लिहून हे स्वतः तपासता येतं. पन्हाळा आणि गडहिंग्लज जोडाक्षरामुळे अडकतात. भुदरगड ‘भु’च्या उकारामुळे अडकतो. उरलेले नऊ, म्हणजे करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, आजरा आणि चंदगड, यांची नावं विनातक्रार वाचली जातात आणि निकालात रोमन चिन्हांचा लगदा होऊन उतरतात. पहिल्या ओळीत तालुका असेल आणि वर सांगितलेली चूक गिळणारी जोडी असेल, तर पन्हाळ्याच्या संस्थेच्या सगळ्या फायली वगळल्या जातील आणि गावाच्या नावातही ही चिन्हं नसतील तर करवीरच्या सगळ्या घेतल्या जातील. ‘एकच स्क्रिप्ट, एकाच संगणकावर एका संस्थेला चालते, दुसरीला नाही’ या तक्रारीचं उत्तर बरेचदा इतकंच असतं.

उपाय: फाईल उघडताना दर वेळी एन्कोडिंग लिहायचं, आणि ते ‘यूटीएफ-८-सिग’ असं लिहायचं. शेवटचा ‘सिग’ महत्त्वाचा आहे. काही प्रोग्रॅम यूटीएफ-८ फाईलच्या सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ अशी तीन बाइटांची खूण ठेवतात. साध्या यूटीएफ-८ ने वाचलं तर ती खूण पहिल्या रकान्याला अदृश्य अक्षर म्हणून चिकटते. ज्या फाईलीत गावाची ओळ नसते आणि पहिल्याच ओळीत सभासद असतो, तिथे त्याचा क्रमांक आकडा म्हणून वाचताच येत नाही. दर फाईलीतला नेमका पहिला सभासद गळत असेल तर संशय याच खुणेवर घ्या. ‘सिग’ लिहिलं की खूण असो वा नसो, दोन्ही फायली नीट वाचल्या जातात.

स्क्रिप्टमध्ये एन्कोडिंग कुठे राहून गेलं हे शोधायला पायथन ३.१० पासून सोय आहे: चालवताना ‘एक्स’ पर्यायात ‘वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग’ दिलं की अशा प्रत्येक ओळीला तो इशारा देतो.

संदेशात पहिल्याच जागी, म्हणजे शून्य क्रमांकावर, ‘एफएफ’ बाइट आहे असं आलं तर ती फाईल बहुधा यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये आहे. ती येते तीन वाटांनी: जुन्या नोटपॅडमध्ये साठवताना ‘यूनिकोड’ निवडलं, एक्सेलमधून ‘यूनिकोड टेक्स्ट’ म्हणून साठवलं, किंवा विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाच्या चिन्हाने निकाल फाईलीत वळवला. पॉवरशेल ७ तसं करत नाही. फाईल एफएफ, एफई या दोन बाइटांनी सुरू होत असेल तर ती ‘यूटीएफ-१६’ म्हणून वाचा. अंकांनी भरलेली अशी फाईल इतर फायलींच्या जवळपास दुप्पट आकाराची असते, म्हणून फोल्डरमध्ये आकाराच्या रकान्यावरूनही ती ओळखता येते.

दोन्ही प्रकारांत फाईल बसली नाही तर स्क्रिप्टने थांबावं. ‘मग लॅटिन-१ ने वाचून बघू’ हा मोह टाळाच. लॅटिन-१ हाही एक बाइट म्हणजे एक अक्षर असाच तक्ता आहे, आणि त्यात २५६ च्या २५६ बाइटांना अक्षर आहे. तो कशालाच नाही म्हणत नाही, म्हणून त्याचं ‘हो’ बिनकामाचं आहे.

पडद्यावर काय दिसतं त्यावरून नुकसान किती झालं हेही कळतं. दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसत असेल, तर तो ई० बाइट आहे. मूळ फाईल शाबूत असते, फक्त वाचन चुकलं आहे. चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, मजकूर ठीक आहे. काळ्या खिडकीत देवनागरी बऱ्याचदा अशीच दिसते, तिच्यावरून निर्णय घेऊ नका. पण फाईलीतच अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हं असतील, तर मजकूर गेला. एक्सेलमधून ‘टॅब डिलिमिटेड’ टेक्स्ट म्हणून साठवताना देवनागरीची हीच गत होते, आणि ती कोणत्याही एन्कोडिंगने परत येत नाही. यंत्रातून फाईल पुन्हा काढावी लागते. आणि रोमन अक्षरांचे निरर्थक शब्द दिसत असतील, जे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये उघडले की नीट मराठी दिसतात, तर तो एन्कोडिंगचा प्रश्नच नाही. तिथे त्या फॉन्टचा यूनिकोड परिवर्तक लागतो.

शेवटच्या ओळीला पुढच्या फाईलीची पहिली ओळ चिकटते

आधी सगळ्या फायली जोडून एक मोठी फाईल करायची आणि मग ती वाचायची, ही सवय अनेकांना आहे. एखाद्या फाईलच्या शेवटी नवी ओळ नसेल, तर जोडताना काय होतं ते बघा. फायलींत वर गावाची ओळ नाही, संध्याकाळच्या शेवटच्या सभासदाची रक्कम ३१५.५० आहे आणि पुढच्या सकाळची पहिली ओळ सभासद क्रमांक १ ची आहे, असं धरा. जोडल्यावर ते ३१५.५०१ होतं. सात आणि सात रकान्यांच्या दोन ओळींची तेरा रकान्यांची एकच ओळ बनते. स्क्रिप्ट पहिले सात रकाने घेत असेल तर रक्कम जवळपास बरोबरच वाटते, आणि क्रमांक १ च्या सभासदाचं सकाळचं दूध नाहीसं होतं. यादीत जो पहिला, तोच दर वेळी मार खातो.

म्हणून फायली जोडू नका, एकेक उघडून वाचा. आणि गावाची ओळ सोडून प्रत्येक ओळीचे रकाने मोजा: सात नसतील तर थांबा. विंडोजच्या ‘कॉपी’ आज्ञेने जोडल्या असतील तर शेवटी १ए हा अदृश्य बाइटही येतो. तो एकट्याची ओळ बनून आकडा वाचताना अडकतो.

क्रम आणि नावं

फाईलची नावं दिवस-महिना-वर्ष अशी असतील तर १ ऑगस्ट ३१ जुलैच्या आधी लागतो, आणि शून्य न लावलेला १० हा २ च्या आधी. नुसत्या बेरजेला फरक पडत नाही, पण ‘शेवटचा दर’ किंवा ‘आधीची बाकी’ घेत असाल तर पडतो. वर्ष-महिना-दिवस अशी नावं द्या, दोन अंकी ठेवा आणि स्क्रिप्टमध्ये ‘सॉर्टेड’ लिहा. फोल्डर जसा दिसतो त्याच क्रमाने फायली मिळतील याची हमी पायथन देत नाही.

सभासदाची ओळख नावावरून करू नका. ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ असलेली आडनावं कळफलकानुसार दोन प्रकारे साठतात, एकात अदृश्य जोडचिन्ह असतं. दिसायला सारखी, संगणकाला वेगळी, आणि एकाच माणसाची दोन बिलं. क्रमांकावर बेरीज करा आणि नाव शेवटी सभासद यादीतून जोडा. क्रमांक अक्षरं म्हणून ठेवलात तर ०१२ आणि १२ वेगळे धरले जातील. म्हणून ‘इंट’ करून घ्या. देवनागरी अंकातला १२ सुद्धा पायथनचा ‘इंट’ बरोबर वाचतो. पॉवरशेलकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

काही पैशांचा फरक

सगळं जुळलं आणि तरी रुपया-दोन रुपयांचा फरक उरला, तर तो पूर्णांकनाचा आहे. दर ओळीला दोन दशांशांवर आणून बेरीज करणं आणि बेरीज करून शेवटी दोन दशांशांवर आणणं, यांची उत्तरं वेगळी येतात. यंत्र पावतीवर ओळीगणिक रक्कम छापतं, म्हणून स्क्रिप्टनेही ओळीगणिकच करावं, नाहीतर सभासद पावत्या जोडून बघेल तेव्हा जुळणार नाही.

आकड्यांसाठी ‘फ्लोट’ (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको, ‘डेसिमल’ (दशांश तंतोतंत साठवणारा) घ्या, आणि त्याला मजकूर द्या, फ्लोट नाही. एवढ्यावर थांबू नका. २.५ लिटर गुणिले ४८.८५ म्हणजे १२२.१२५. इथे डेसिमल स्वतःहून १२२.१२ देतो, कारण नेमका अर्धा आला की तो सम अंकाकडे झुकतो. वहीच्या रिवाजाने १२२.१३ हवे असतील तर पूर्णांकनाची पद्धत ‘राउंड हाफ अप’ अशी स्पष्ट लिहावी लागते. आधी हातातल्या दोन-चार पावत्यांवरून यंत्र कोणती पद्धत वापरतं ते बघा, मग स्क्रिप्ट त्याप्रमाणे करा.

निकालाची फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली जाणार असेल तर तीही ‘यूटीएफ-८-सिग’ मध्येच लिहा. खूण नसली तर एक्सेल नावांचा लगदा करतो, आणि तो लगदा तसाच साठवला गेला तर पुढच्या बिलाची सभासद यादी तिथूनच बिघडते.

बदल केल्यावर तपासणी

थेट चालू बिलावर नको. आधीच्या, हाताने जुळवलेल्या एका बिलाचा फोल्डर वेगळा काढा आणि त्यावर स्क्रिप्ट दोनदा चालवा: दोन्ही वेळा आकडा सारखा आला पाहिजे. मग मुद्दाम बिघाड करा. एक फाईल काढून घ्या, एकीची नक्कल टाका, एकीची शेवटची ओळ अर्धी कापा, एक यूटीएफ-१६ मध्ये साठवा. चारही वेळा स्क्रिप्टने फाईलचं किंवा गहाळ तारखेचं नाव घेऊन थांबायला हवं, आणि यूटीएफ-१६ वाचायची सोय केली असेल तर त्या वेळी आकडा जशाच्या तसा यायला हवा. एकदा जरी ती न बोलता पुढे गेली, तर त्या जागची तपासणी अजून घालायची राहिली आहे.